जांभ्याखालचं पाणी

उदगीर सोडून कमलनगरच्या बाजूनं बिदरकडे निघालं की बराच वेळ ओळखीचाच मुलूख सोबत येतो. काळी जमीन, तूर-सोयाबीनची रानं, बांधावरच्या बाभळी, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिपींतल्या पाट्या. मांजरा ओलांडून बिदर जवळ आलं की रस्ता चढू लागतो आणि काळी माती संपते. तिथून पुढे सगळं लाल. खणलेल्या खड्ड्यांच्या कडा लाल, जुन्या घरांची जोती लाल, विहिरींचे कठडे लाल. हा जांभा. आपल्या डोक्यात जांभा म्हणजे कोकण, आंबा-काजूच्या बागा आणि धो धो पाऊस. पावसाचा भरवसा नसलेल्या या मुलखात, समुद्रापासून इतक्या दूर, दोन हजार फुटांहून उंच पठारावर तोच दगड पसरलेला पाहिला की क्षणभर आपण कुठे आलो तेच कळत नाही.

बिदर पाहायला येणारे बहुतेक जण थेट किल्ल्यात जातात, दुपारपर्यंत महाल पाहतात आणि संध्याकाळी परत फिरतात. माझं त्यांना मनापासून सांगणं आहे की किल्ला जरा थांबू द्या, आधी हा दगड पाहा. पंधराव्या शतकातलं हे शहर इथे का वसलं, कशावर जगलं आणि त्याच्या भोवतालच्या गावांशी त्याचं नातं काय होतं, याची सुरुवात या लाल दगडात आहे.

जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून मुरत मुरत खाली जातं. बिदरच्या पठारावर या जांभ्याचा जाड थर आहे आणि त्याच्याखाली आपला दख्खनचा काळा कातळ. कातळ पाणी सहजी आत घेत नाही. त्यामुळे मुरलेलं पाणी या दोन दगडांच्या सांध्यावर अडतं, आडवं सरकत राहतं आणि जिथे पठाराची कड तुटते तिथे झरा होऊन बाहेर येतं. बिदरभोवतीची देवस्थानं नकाशावर पाहिली तर ती या झऱ्यांवर बसलेली आहेत. पापनाशचं शिवमंदिर झऱ्यापाशी. नृसिंह झरणीला तर देवापर्यंत पोचायचं म्हणजे डोंगराच्या पोटात कोरलेल्या बोगद्यातून, साठलेल्या पाण्यातून चालत जायचं. आणि नानक झिरा. गुरू नानक या भागात आले तेव्हा इथलं पाणी कडू होतं, त्यांनी पायानं दगड सरकवला आणि गोड्या पाण्याचा झरा फुटला, अशी श्रद्धा आहे. नांदेडला हुजूर साहिबचं दर्शन झालेली शीख कुटुंबं पुढे इथे येतात. शिखांच्या खालसा पंथाची दीक्षा घेणाऱ्या पहिल्या पाच जणांतले, म्हणजे पंज प्याऱ्यांतले, भाई साहिब सिंग याच बिदरचे. एकाच दगडानं साऱ्यांना तीर्थ दिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अहमदशहा बहमनी 1422 साली गादीवर आला आणि त्यानं काही वर्षांतच राजधानी गुलबर्ग्याहून इथे आणली. त्याच्या राज्याच्या सुरुवातीलाच पावसानं दगा दिला होता. दुष्काळ पडला, आणि नवा राजाच अपशकुनी आहे असं लोक बोलू लागले. तेव्हा तो एकटा शहराबाहेरच्या टेकडीवर गेला, जमिनीवर डोकं टेकून त्यानं पावसासाठी दुवा मागितली आणि पाऊस आला, अशी कथा जुन्या इतिहासकारांनी नोंदवली आहे. तेव्हापासून लोक त्याला ‘वली’, म्हणजे संत, म्हणू लागले. कथा खरी-खोटी करण्यात मला रस नाही. मला त्यात दिसतं ते एवढंच, की या मुलखात राजाचं राजेपण पावसावर तोललं जाई. अशा माणसानं राजधानीसाठी पोटात पाणी धरणारं पठार निवडलं, हे मला योगायोगाचं वाटत नाही.

बहमनी दरबारात इराणातून आलेली माणसं मोठ्या संख्येनं होती. त्यांच्या मायदेशात डोंगराच्या पोटातलं पाणी भुयारातून लांबवर नेण्याची विद्या शतकानुशतकं चालत आलेली. तिचाच दख्खनी अवतार म्हणजे बिदरचा करेझ. इथले कन्नड बोलणारे लोक त्याला ‘सुरंग बावी’ म्हणतात. शहराच्या कडेच्या नौबादमधला करेझ पाहायला आधी जावं असं मी म्हणते ते यासाठी.

वरून पाहिलं तर काही विशेष दिसत नाही. माळावर ठरावीक अंतरानं खोल, चौकोनी खड्डे एका रांगेत जातात. औरंगाबादची नहर, म्हणजे तिथला भुयारी पाण्याचा जुना पाट, पाहिलेल्यांना ही रांग लगेच ओळखू येईल. तिथे अशा उभ्या खड्ड्यांना उच्छ्वास म्हणतात. काम करण्याची रीतही तशीच. आधी उंचावरच्या भागात विहीर खणून पाणी कुठल्या खोलीवर लागतं ते पाहायचं. ही मुख्य विहीर. मग उताराच्या दिशेनं एकेक उच्छ्वास खणत जायचं आणि त्यांचे तळ भुयारानं एकमेकांना जोडायचे. भुयाराचा उतार अगदी हलका ठेवावा लागतो. जास्त झाला तर पाणी जोरानं वाहून भिंती खाऊन टाकेल, कमी झाला तर गाळ बसेल. खोदताना माती-दगड वर काढायला, माणसांना हवा मिळायला आणि पुढे गाळ उपसायला हे उच्छ्वासच उपयोगी. जांभा खोदायला सोपा आणि हवा लागली की टणक होणारा, त्यामुळे भुयाराला आधाराचं बांधकाम फारसं लागत नाही. दगड आणि विद्या यांची अशी गाठ क्वचित पडते.

ना मोट, ना रहाट, ना बैल. उन्हाळ्यातही बाष्प होऊन उडून न जाणारं पाणी, केवळ उताराच्या जोरावर मैलभर नि त्याहून पुढे चालत जाई. वाटेत गावातली माणसं उच्छ्वासातून पोहरा सोडून पाणी काढत. नौबादखेरीज शुक्लतीर्थ आणि जमना मोरी ही नावंही इथे ऐकू येतात. जमना मोरीचं काम मुख्यतः तटाच्या आत पाणी वाटण्याचं. गेल्या दशकात नौबादच्या करेझातला कित्येक वर्षांचा गाळ आणि कचरा उपसला गेला आणि भुयारात पुन्हा पाणी खेळू लागलं.

तिथेच शेळ्या घेऊन आलेले एक म्हातारे गृहस्थ भेटले. मराठी ऐकून थांबले. “कुठून आलात, ताई?” विचारपूस झाली. मी विचारलं, “काका, हे पाणी तुम्ही प्यायलंय का?” तर म्हणाले, “लहानपणी पिलंय की. आमच्या आज्याच्या काळात हिरीत पोहरा टाकला की पाणी. आता समद्यांनी बोअर मारले. वरचं पाणी खाली गेलं, आन् खालचं कुठं गेलं कुणाला ठावं.” भूजलाचा सगळा धडा त्या दोन वाक्यांत होता. सांध्यावर अडलेलं पाणी सगळ्यांचं असतं. ज्याचा बोअर खोल, त्याच्याकडे ते ओढलं जातं. शिवाय ज्या माळावर पाणी मुरतं तिथे आता प्लॉट पडताहेत, सिमेंटचे रस्ते होताहेत. करेझ वाचवायचा म्हणजे नुसती भुयारं साफ करून भागणार नाही, वरचा माळ मोकळा राहायला हवा. वारसा जपण्याच्या आपल्या सगळ्या कल्पना इमारतीभोवती कुंपण घालण्यापाशी थांबतात. इथे जपायची आहे ती उघडी, रिकामी, काहीच नसल्यासारखी दिसणारी जमीन, आणि तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही याची मला खरीच काळजी वाटते.

किल्ल्याबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्याचे फोटो सगळीकडे आहेत. शहराच्या बाजूला तिहेरी खंदक आहे. अख्खा जांभा खोदून काढताना मध्ये खडकाच्या उभ्या भिंती राखून ठेवल्या, म्हणून एकाचे तीन झाले. आत सोळा खांब मशीद आहे. तिच्या ओळीनं उभ्या असलेल्या जाडजूड गोल खांबांमधून चालताना मन आपोआप शांत होतं. रंगीन महालात काळ्याभोर दगडात शिंपले जडवून काढलेली नक्षी आहे. ती बहमनींनंतर इथे आलेल्या बरीदशाहीतल्या अली बरीदच्या काळातली, म्हणजे सोळाव्या शतकातली. ती बंद दाराआड असते. विनंती करून, थांबून पाहावी. शिंपल्यावर उजेड तिरका पडला की दगडातून रंग हलतात.

किल्ल्याची माती मात्र किल्ल्याबाहेर जाऊन पाहावी लागते. चौबारा हा जुन्या शहराच्या मध्यावरचा गोल बुरूज, चार रस्ते जिथे मिळतात तिथला. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत बिदरी काम करणारे कारागीर बसतात. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेलं भांडं, त्यावर टोकदार छिन्नीनं कोरलेली वेलबुट्टी, त्यात ठोकून बसवलेली चांदीची तार. इथवर ते भांडं राखाडी असतं, चांदी नीट दिसतही नाही. शेवटी किल्ल्यातल्या जुन्या बांधकामांमधली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली माती आणि नवसागर पाण्यात उकळून त्यात भांडं बुडवतात. जस्त काळं कुळकुळीत होतं, चांदी जशीच्या तशी राहते. योग्य माती कुठली, हे जुने कारागीर जिभेवर ठेवून ठरवतात. ते काळेपण येताना मी प्रत्यक्ष पाहिलं आणि त्या कारागिराच्या हातांना नमस्कार करावासा वाटला. काही शतकं टिकलेली ही कला मूठभर घरांच्या आधारावर उभी आहे. घासाघीस न करता एखादी वस्तू घ्यावी.

चौबाऱ्यावरून किल्ल्याकडे जाताना वाटेत महमूद गवानचा मदरसा लागतो. 1472 साली पुरा झालेला. गवान मूळचा इराणातल्या गिलानचा व्यापारी, बहमनी राज्याचा वजीर झालेला. तीन मजली इमारत, विद्यार्थ्यांना राहायला खोल्या, हस्तलिखितांचा मोठा संग्रह, दूरदूरहून बोलावलेले विद्वान. आज दर्शनी भागाचा एक मोठा तुकडा नाही. औरंगजेबाच्या काळात इथे दारूगोळा साठवला होता, 1690च्या दशकात त्याचा स्फोट झाला आणि एक मिनार नि पुढची भिंत गेली. उरलेल्या मिनारावर निळ्या-पांढऱ्या फरशांचे नागमोडी पट्टे अजून आहेत. लाल शहरातला हा निळा रंग दुरूनही डोळ्यांत भरतो.

गवानचं मला मोठं वाटतं ते मदरशापेक्षा दुसऱ्याच कारणानं. त्यानं राज्याचे चार मोठे सुभे मोडून आठ केले, गावांच्या सीमा ठरवल्या, जमिनीची मोजणी करून सारा बसवण्याचा प्रयत्न केला. राजधानीत बसून खेड्यांचा हिशोब नीट लावू पाहणारा तो दुर्मिळ वजीर. सुभेदारांची ताकद कमी झाली, दरबारात वैर वाढलं, आणि 1481 साली त्याच्या शिक्क्याचं खोटं पत्र तयार करून वैऱ्यांनी सुलतानाला दाखवलं. त्याचा शिरच्छेद झाला. त्यानंतर बहमनी राज्य फार काळ एकसंध राहिलं नाही. शहराबाहेर, मोकळ्या आभाळाखाली त्याची साधी कबर आहे. तिथे जायला रिक्षावाल्याला दोनदा सांगावं लागतं.

गवानच्याच काळात, 1470च्या आसपास, अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी बिदरला आला होता. चौलला उतरून, जुन्नरला पावसाळा काढून तो इथवर पोचला. म्हणजे आपल्याच घाटवाटांनी आला. त्यानं लिहून ठेवलंय की इथली वस्ती दाट आहे, गावाकडची माणसं अत्यंत हलाखीत आहेत आणि अमीर मात्र ऐश्वर्यात लोळताहेत; ते चांदीच्या पालख्यांत बसून निघतात, पुढे-मागे घोडे, मशाली, वाजंत्री. मदरशाच्या ओट्यावर बसून हे आठवलं की निळ्या फरशांकडे पाहतानाही मनात प्रश्न येतोच: हे सगळं कुठल्या शिवारातून आलं?

मराठी माणसाला याचं उत्तर लहानपणापासून ठाऊक असतं, फक्त ते इतिहास म्हणून ठाऊक नसतं. कीर्तनात ‘बेदरचा बादशहा’ येतो तो याच बिदरचा. मंगळवेढ्याला दामाजीपंत सरकारी धान्याच्या कोठारांवर अधिकारी. भीषण दुष्काळ पडला, माणसं मरू लागली, तेव्हा त्यांनी कोठारं लोकांना उघडून दिली. बेदरहून त्यांना धरून आणायचं फर्मान निघालं आणि ते पोचण्याआधीच पंढरीचा विठोबा विठू महाराच्या रूपानं दरबारात गेला, धान्याची सगळी रक्कम भरून पावती घेऊन आला. दुसरी कथा अंबाजोगाईच्या दासोपंतांची. त्यांचे वडील दिगंबरपंत बरीदशाहीत वसुलीच्या कामावर. वसुली कमी पडली म्हणून पोरगा बेदरला ओलीस ठेवला गेला, मुदतीत रक्कम आली नाही तर धर्म बदलावा लागेल अशी धमकी. मुदत संपायच्या बेताला दत्ताजी पाडेवार नावाचा माणूस येऊन पैसे भरून गेला, आणि तो प्रत्यक्ष दत्त होता.

दोन्ही कथांचा सांगाडा एकच आहे. धान्य किंवा सारा गावाकडचा, मागणी राजधानीची, आणि मधे अडकलेला एक अधिकारी. गावाची ऐपत नाही आणि शहर ऐकत नाही, तेव्हा देवाला स्वतः बेदरपर्यंत चालत जावं लागतं. देव येऊन बादशहाला शिक्षा करत नाही, तो फक्त थकबाकी फेडतो. ज्यांनी या कथा रचल्या आणि शेकडो वर्षं सांगितल्या, त्यांना राज्य उलथण्याची आशाही नव्हती. पावती मिळाली तरी पुष्कळ, एवढंच मागणं. निकितिननं बाहेरून जे पाहिलं तेच आपल्या लोकांनी आतून सांगून ठेवलं. मी तेव्हापासून दामाजीची कथा ऐकते ती भक्तिकथा म्हणून तर ऐकतेच, पण एका लुटल्या गेलेल्या शिवाराची साक्ष म्हणूनही.

एक दुपार पठाराच्या कडेवरून खाली मांजरेच्या बाजूला उतरण्यात घालवावी. वर लाल, खाली काळं, आणि मधल्या उतारावर झाडी. ही मांजरा बीडच्या बालाघाटात उगम पावते, लातूरला पाणी देते आणि इथून पुढे वाहत जाऊन गोदावरीला मिळते. 2016च्या उन्हाळ्यात धरण आटल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. नौबादचं भुयार पाहून आल्यावर त्या रेल्वेची आठवण फार बोचते. पाणी लांबून आणण्यात आपण पटाईत झालो. पायाखाली मुरवलेलं पाणी धीरानं, हलक्या उतारानं चालवण्याची विद्या मात्र याच खोऱ्यात होती आणि ती आपल्या हातून निसटली.

शहराच्या पूर्वेला अष्टूर गाव आहे. तिथे शेतांच्या मधोमध बहमनी सुलतानांचे मकबरे एका ओळीत उभे आहेत. जुलमी म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या हुमायूनशहा बहमनीच्या (मुघल हुमायून नव्हे) मकबऱ्याचा घुमट अर्धा कोसळलेला. वीज पडली असं सांगतात. उघड्या पडलेल्या कापातून घुमटाची जाडी, आतली पोकळी, कमानींची बांधणी सगळं स्पष्ट दिसतं. बांधकाम शिकणाऱ्यांनी इथे वह्या घेऊन बसावं. गुरं कडेनं चरत असतात, पलीकडे कुणी हरभरा काढत असतं. राजांना इतक्या साध्या सोबतीत पाहायला मला आवडलं.

अहमदशहा वलीच्या मकबऱ्यात शिरलं की आधी काहीच दिसत नाही. राखणदार दारात आरसा धरून उन्हाची तिरीप आत फेकतात आणि भिंती, छत उजळत जातात. शेंदरी, निळा, सोनेरी. वेली, तारे, सोन्याच्या अक्षरांतले लेख. त्या लेखांत इराणातल्या किरमानच्या सूफी परंपरेची वंशावळ आहे, कारण अहमदशहा तिथले सूफी संत शाह नियामतुल्लाह यांना मानत असे आणि त्यांच्या नातवाला त्यानं आग्रहानं दख्खनला बोलावून घेतलं होतं.

या वलीचा उरूस हिजरी तारखेनं भरत नाही. तो होळीनंतर, चैत्रात, आपल्या पंचांगाप्रमाणे येतो. गुलबर्गा भागातल्या माड्याळहून एक लिंगायत जंगम आपल्या लोकांसह चालत इथे येतो, शंख फुंकतो, नारळ फोडतो. हिंदू लोक अहमदशहाला लिंगायतांचे संत अल्लमप्रभू यांचा अवतार मानतात, मुसलमान त्याला वली मानतात, आणि कबरीपुढे दोघंही आपापल्या रीतीनं माथा टेकवतात. हे कुणी ठरवून घडवलेलं नाही, कुठल्या सरकारी सद्भावना कार्यक्रमातून आलेलं नाही. पावसासाठी टेकडीवर जाऊन डोकं टेकवणाऱ्या राजाची आठवण शेतकऱ्यांनी सोडली नाही, एवढंच त्यामागे असावं असं मला वाटतं. बिदरला जायचं मनात असेल तर होळीच्या सुट्टीत घाई करू नका. पंधरा-वीस दिवस थांबा आणि अष्टूरच्या उरुसाची तारीख विचारून निघा. उन्हं वाढलेली असतात, डोक्याला पंचा आणि सोबत पाण्याची बाटली असू द्या.